परक्या दरबारातील माणूस : बीदरच्या इतिहासातील तीन प्रसंग



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर या सीमाभागात अध्यापन केले. त्यांच्या स्मृतीस वंदन करताना याच भूमीच्या इतिहासातील विषय निवडावा, असे मला वाटले. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत राजे असतात, सेनापती असतात, लढायांच्या सनावळ्या असतात. दोन राज्यांच्या मध्ये उभा राहून एकाचे म्हणणे दुसऱ्याच्या गळी उतरवणारा, दुसऱ्याच्या घरात राहून त्या घरातील वारे ओळखणारा जो माणूस, त्याला मात्र या पुस्तकांत क्वचितच स्थान मिळते. अशा माणसाला आपल्या जुन्या कागदपत्रांत वकील म्हटले आहे. न्यायालयातील वकिलाशी त्याचा संबंध नाही. आज ज्याला आपण राजदूत म्हणतो, त्याच्या जवळ जाणारा तो शब्द आहे. काही वेळा असा माणूस कोणाचाही वकील नसतो. तो परमुलखातून एकटा येतो आणि परक्या राजकारणात आपल्या बुद्धीच्या बळावर उभा राहतो. त्याची परीक्षा मात्र तीच असते.

या परीक्षेचे तीन प्रसंग मी आज आपल्यासमोर ठेवणार आहे. तिन्ही प्रसंगांना बीदरची पार्श्वभूमी आहे. तिन्हींतील माणसे बुद्धिमान होती. तरी एक मारला गेला, एकाचे यश आठ महिन्यांत विरले आणि तिसरा कैदेत असूनही जिंकला. असे का झाले, हा माझा आजचा प्रश्न आहे.

१

पहिला माणूस ख्वाजा महमूद गावान. इराणच्या उत्तरेस कास्पियन समुद्राच्या काठी गिलान नावाचा प्रांत आहे. तेथील एका वजनदार घराण्यात १४११ च्या सुमारास त्याचा जन्म झाला. स्वदेशातील दरबारी वैरामुळे त्याला देश सोडावा लागला. व्यापार करीत, विद्वानांच्या सहवासात राहत त्याने कैरो व दमास्कस पाहिले आणि १४५३ च्या सुमारास तो दाभोळच्या बंदरात उतरला. तेथून तो बीदरला आला, तेव्हा त्याचे वय चाळिशीच्या पुढे होते. येथील साधुपुरुषाचे दर्शन घ्यावे आणि दिल्लीकडे जावे, एवढाच त्याचा मनोदय होता, असे फरिश्ता सांगतो. दिल्लीला तो गेलाच नाही.

तो ज्या दरबारात आला, त्याची स्थिती समजून घेतल्यावाचून पुढची कथा उमगणार नाही. बहामनी राज्य १३४७ मध्ये स्थापन झाले आणि त्याची राजधानी गुलबर्ग्यास होती. पुढे अहमदशहाच्या कारकीर्दीत राजधानी बीदरला आली. या राज्यात सरदारांचे दोन तट होते. एक दख्खनी. यांत उत्तरेकडून फार पूर्वी येऊन येथेच रुळलेले मुसलमान, धर्मांतर केलेले स्थानिक लोक आणि बहुधा त्यांच्याच बाजूचे हबशी होते. दुसरा तट आफाकींचा, म्हणजे इराण, इराक, तुर्कस्तान येथून समुद्रमार्गे नव्याने आलेल्यांचा. भाषा वेगळी, पंथ बहुधा वेगळा, रीतभात वेगळी. राजाला नवे लोक हवे असत, कारण त्यांना येथे नातेगोते नसे आणि ते केवळ राजाच्याच आधाराने उभे असत. जुन्यांना नेमके हेच खुपत असे. गावान येण्याच्या थोडे आधी कोकणातील एका पराभवानंतर सुलतानाचे कान भरून चाकणच्या किल्ल्यात आफाकींची कत्तल घडवण्यात आली होती. म्हणजे ज्या घरात हा पाहुणा शिरत होता, त्या घराच्या उंबऱ्यावरचे रक्त अजून पुरते वाळलेले नव्हते.

अशा दरबारात हा माणूस पायरी पायरीने चढला. हुमायूनशहाने त्याला मलिक-उत्-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख, हा किताब दिला. हुमायूनच्या मृत्यूनंतर गादीवर अल्पवयीन मुलगा आला, तेव्हा राजमातेच्या साहाय्याला जे कारभारी मंडळ होते, त्यात गावान होता. तिसऱ्या मुहम्मदशहाच्या काळात १४६६ पासून तो वजीर झाला. त्याने खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, घेतला. १४७२ मध्ये गोवा घेतला. रशियातील त्वेर नगरचा व्यापारी अफनासी निकितीन याच काळात बीदरला राहिला. ग्रामीण जनता फार हालाखीत आहे आणि सरदार मात्र वैभवात लोळतात, असे त्याने टिपून ठेवले आहे. ही नोंद आपण ध्यानात ठेवावी, कारण गावानने पुढे हात घातला तो या सरदारांच्याच वैभवाला.

त्याच्या सुधारणा थोडक्यात सांगतो. राज्याचे मूळ चार तरफ, म्हणजे प्रांत होते. त्यांचे त्याने आठ केले, त्यामुळे प्रत्येक सुभेदाराची सत्ता अर्ध्यावर आली. पूर्वी सुभेदार आपल्या प्रांतातील सर्व किल्ल्यांवर आपली माणसे नेमी. आता त्याच्याकडे एकच किल्ला राहिला, बाकीच्यांचे किल्लेदार परस्पर सुलतान नेमू लागला. जमिनीची मोजणी सुरू झाली. ठरलेल्या संख्येइतके घोडेस्वार प्रत्यक्षात न ठेवल्यास तेवढी रक्कम परत मागण्यात येऊ लागली. हे करताना त्याने नेमणुकांत तोल सांभाळला. तो स्वतः आफाकी, पण वऱ्हाड व तेलंगणातील मोठी पदे दख्खन्यांकडे होती, गुलबर्ग्यास हबशी दस्तूर दिनार होता आणि दौलताबादेकडे आफाकी यूसुफ आदिलखान होता. तराजूची दोन्ही पारडी समान राहावीत, ही त्याची नीती होती.

परंतु तराजूचे एक मर्म आहे. पारडी समान ठेवणारा दोन्ही पारड्यांच्या बाहेर असतो. दख्खन्यांना तो आफाकी वाटे आणि आफाकींना तो पुरेसा आपला वाटत नसे. कोकणच्या मोहिमेवर असताना त्याने लिहिलेली फारसी पत्रे ‘रियाज-उल्-इन्शा’ या संग्रहात आहेत. राजधानीतील हितशत्रू आपल्या कामात कसे अडथळे आणतात, याची तक्रार त्यांत वारंवार येते. रणावरचा शत्रू समोर होता, खरा शत्रू पाठीमागे बीदरला होता.

आता मी त्याच्या मृत्यूकडे येतो. गावान हा पत्रलेखनाचा आचार्य होता. उस्मानी सुलतान दुसरा मुहम्मद, कवी जामी अशांशी त्याचा पत्रव्यवहार होता. पत्र कसे लिहावे, या विषयावर ‘मनाझिर-उल्-इन्शा’ नावाचा स्वतंत्र ग्रंथ त्याने लिहिला. अशा माणसाचा घात एका पत्रानेच झाला. फरिश्त्याने दिलेली हकिकत अशी : कट करणाऱ्यांनी गावानची मोहर सांभाळणाऱ्या सेवकाशी मैत्री जोडली, त्याला मद्य पाजले आणि घडी घातलेल्या कोऱ्या कागदावर मोहर उमटवून घेतली. त्या कोऱ्या कागदावर मग ओरिसाच्या राजाला उद्देशून मजकूर लिहिण्यात आला. सुलतान मद्यपी आहे, प्रजा त्रासली आहे, आपण स्वारी करावी, आम्ही साहाय्य करू, असा त्याचा आशय होता. हे पत्र मलिक हसन निजामुल्मुल्क बहिरी याने योग्य वेळ साधून सुलतानापुढे ठेवले. हा मलिक हसन म्हणजे अहमदनगरच्या निजामशाहीच्या संस्थापकाचा पिता. त्याचे मूळ घराणे पाथरीच्या कुळकर्ण्यांचे, असे फरिश्ताच सांगतो.

सुलतानाचा तळ तेव्हा आंध्रातील कोंडापल्लीस होता. गावानला बोलावणे आले. जाऊ नका, असे स्नेह्यांनी विनवले. तो गेला. राजद्रोह्याला शिक्षा कोणती, असे सुलतानाने विचारले. मृत्यू, असे त्याने उत्तर दिले. मग पत्र दाखवण्यात आले. मोहर माझी आहे, पण मजकूर माझा नाही, एवढेच त्याने सांगितले. मद्याच्या अमलाखालील सुलतानाने तेथेच त्याला ठार मारण्याची आज्ञा केली. तो दिवस ५ एप्रिल १४८१. सत्तरी गाठलेला हा वृद्ध वजीर त्या दिवशी मारला गेला.

मृत्यूनंतर त्याच्या खजिन्याची झडती झाली. अमाप संपत्ती सापडेल, अशी सुलतानाची कल्पना होती. जहागिरीचे उत्पन्न तो शिपायांवर आणि गोरगरिबांवर खर्च करीत असे आणि स्वतःचा निर्वाह व्यापाराच्या भांडवलावर चालवीत असे, असे त्याच्या खजिनदाराने सांगितले. साधी चटई आणि मातीची भांडी, हा त्याचा संसार. सुलतानाला पश्चात्ताप झाला, पण वेळ टळली होती. सरदार तळ सोडून आपापल्या प्रांती गेले. वर्षाच्या आत, मार्च १४८२ मध्ये सुलतानही वारला. त्यानंतर काही वर्षांतच बहामनी राज्याचे तुकडे पडू लागले आणि कालांतराने एका राज्याच्या जागी पाच राज्ये उभी राहिली.

बीदरला गेलात की त्याचा मदरसा अवश्य पाहा. १४७२ च्या सुमारास बांधलेली ही तीन मजली इमारत, तिच्यावरील रंगीत कौलकाम आणि उरलेला एकुलता मनोरा आजही त्याची साक्ष देतो. मोगल काळात झालेल्या दारूच्या स्फोटाने इमारतीचा मोठा भाग ढासळला. परदेशातून आलेल्या माणसाने या मुलखात जी वास्तू मागे ठेवली, ती किल्ला नव्हता, ती शाळा होती. एका शाळेच्या व्यासपीठावरून बोलताना हे सांगावेसे वाटते.

२

दुसरा प्रसंग तीनशे वर्षांनंतरचा आहे आणि त्यातील माणूस आपल्याला भाषेने जवळचा आहे. गोविंदराव कृष्ण काळे हा हैदराबादेस निजामाच्या दरबारी पेशव्यांचा वकील होता. त्याचे वडील कृष्णराव बल्लाळ यांनीही याच दरबारी वकिली केली होती. वकिली अशी घराण्यात चाले. दिल्लीस हिंगणे, हैदराबादेस काळे, अशी ही घराणी. याचे कारण उघड आहे. परका दरबार एका दिवसात वाचता येत नाही. कोणाचे कोणाशी वाकडे आहे, कोणाचा शब्द जनानखान्यापर्यंत पोहोचतो, कोणत्या दिवशी मौन हाच नकार असतो, हे ज्ञान बापाकडून मुलाकडे जावे लागते.

वकिलाचे जीवन कसे असे? यजमान दरबारातून त्याला वस्त्रे मिळत, मान मिळे. मेजवान्यांना त्याला बोलावणे असे. त्याच वेळी त्याच्या बिऱ्हाडावर हेरांची नजर असे. फारसीसाठी पदरी मुनशी ठेवावा लागे. जासुदांच्या जोड्या पत्रे घेऊन पुण्याकडे धावत. त्या पत्रांत फौजेची संख्या असे, सरदारांचे रुसवेफुगवे असत आणि बाजारातील बोलवाही असे. मराठ्यांच्या इतिहासाचे मोठे साधन म्हणून आज आपण जी पत्रे वाचतो, ती अशा माणसांनी परक्या गावी, रात्री समईच्या उजेडात लिहिली आहेत. त्यांना इतिहास लिहायचा नव्हता. उद्या आपल्या धन्याने चुकू नये, एवढीच त्यांची काळजी होती.

१७९० मध्ये इंग्रज, पेशवे आणि निजाम यांनी टिपूविरुद्ध एकत्र येऊन करार केला. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणचा तह झाला आणि टिपूचे भय सरले. भय सरताच दोस्तांची जुनी दुखणी वर आली. चौथाई-सरदेशमुखीच्या थकबाकीपोटी दोन कोटींहून अधिक रक्कम निजामाकडे येणे आहे, असा पुण्याचा दावा होता. निजाम अलीचा दिवाण गुलाम सय्यदखान. मशीरुल्मुल्क हा त्याचा किताब, पुढे तो अरस्तुजाह म्हणून प्रसिद्ध झाला. त्याला हा दावा मान्य नव्हता. रेमंड नावाच्या फ्रेंच सरदाराच्या हाताखाली निजामाने कवायती पलटणी वाढवल्या. इंग्रजही आपल्या पाठीशी उभे राहतील, अशी त्याची अपेक्षा होती. गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर याने तटस्थ राहण्याचे ठरवले.

या काळात निजाम अली हैदराबाद सोडून बीदरला येऊन राहिला होता. बोलणी चालू होती आणि फौजही जमत होती. काळे आणि त्याचा सहकारी गोविंदराव पिंगळे यांना दिवाणाशी हिशेबाची भाषा बोलावी लागत होती. ग्रँट डफने एक हकिकत दिली आहे. हिशेबाचा उलगडा करण्यासाठी नाना फडणीसांनी स्वतः येथे यावे, असे दिवाण भर दरबारात म्हणाला. नाना कसे येतील, असे वकिलांनी विचारताच, त्यांना कसे आणायचे ते मी दाखवीन, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. वकिलाच्या तोंडावर धन्याचा अपमान हा राजनीतीत युद्धाचा इशाराच मानला जातो. अशा क्षणी वकिलाने काय करावे? चिडून उठावे, तर बोलणी मोडल्याचा दोष त्याच्यावर येतो. हसून गिळावे, तर धन्याची अप्रतिष्ठा होते. त्याने नेमका शब्द लक्षात ठेवायचा असतो आणि तो जसाच्या तसा पुण्याला पोहोचवायचा असतो. मजकुरात स्वतःचा राग मिसळला, की पत्र बिघडले. मोहर त्याची आणि मजकूरही त्याचाच असला, तरी डोके थंड लागते.

पुढचे आपणांस ठाऊक आहे. निजाम बीदरहून निघाला आणि आपल्या या मांजरा नदीच्या काठाने पश्चिमेकडे सरकला. पुण्याहून पेशवे निघाले, सेनेची सूत्रे परशुरामभाऊ पटवर्धनांकडे होती. जामखेड तालुक्यातील खर्ड्याजवळ ११ मार्च १७९५ रोजी लढाई झाली. तीत माणसे फारशी पडली नाहीत. पण रात्रीच्या गोंधळात निजामाची फौज फुटली आणि तो खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडला गेला. पाण्याची टंचाई होती. शेवटी तह झाला. दौलताबादेचा किल्ला, परांड्यापासून तापीपर्यंतचा सीमेवरील मुलूख आणि तीन कोटी रुपये देण्याचे ठरले. शिवाय मशीरुल्मुल्काला पेशव्यांच्या स्वाधीन करावे लागले. नानांना बोलावू पाहणारा दिवाण स्वतःच पुण्यास बंदी म्हणून गेला. मराठी बखरींनी आणि पोवाड्यांनी या विजयाचे मोठे कौतुक केले, ते स्वाभाविकच होते.

३

तिसरा माणूस हाच बंदिवान दिवाण. आपल्या इतिहासकथनात तो येथे रंगमंचावरून उतरतो. मला मात्र वाटते की, खर्ड्याच्या कथेचा खरा शेवट येथून सुरू होतो.

ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव पेशवे वारले. गादीला पुत्र नव्हता. वारसाचा प्रश्न निघताच पुण्याचे राजकारण फुटले. एका बाजूला नाना, दुसरीकडे परशुरामभाऊ, तिसरीकडे दौलतराव शिंदे, चौथीकडे रघुनाथरावाचे पुत्र. नानांना पुणे सोडून महाडला जावे लागले. या सर्व उलथापालथीत एक माणूस शांतपणे पाहत होता. त्याच्याजवळ फौज नव्हती, खजिना नव्हता, हिंडण्याफिरण्याची मोकळीक नव्हती. होती ती केवळ आपल्या धन्याच्या नावाने शब्द देण्याची पात्रता. प्रत्येक पक्षाला निजामाच्या पाठिंब्याची गरज होती आणि तो पाठिंबा मिळवून देणारा माणूस त्यांच्याच कैदेत बसला होता.

१७९६ मध्ये महाडला जो करार झाला, त्यात बाजीरावाला गादी मिळवण्यास निजामाने नानांना साहाय्य करावे आणि त्या बदल्यात खर्ड्यास मिळालेला मुलूख परत द्यावा, उरलेली रक्कम सोडावी, असे ठरले. पुढे या कराराच्या अंमलबजावणीवरून वाद झाले, तरी खर्ड्याच्या फळाचा बराच भाग पुण्याच्या हातून निसटला तो निसटलाच. १७९७ मध्ये मशीरुल्मुल्क हैदराबादेस परतला आणि पुन्हा दिवाण झाला. रणांगणावर तलवारीने घालवलेले त्याने शत्रूच्या राजधानीत, शत्रूच्या कैदेत बसून परत मिळवले.

पण या यशालाही एक तळटीप आहे. पुण्याकडून पुन्हा तसा प्रसंग येऊ नये, म्हणून याच दिवाणाने इंग्रजांचा आश्रय धरला. १ सप्टेंबर १७९८ रोजी तैनाती फौजेचा करार झाला, रेमंडच्या पलटणी बरखास्त झाल्या आणि हैदराबादचे स्वातंत्र्य नावापुरते उरले. चार वर्षांनी, १८०२ च्या अखेरीस, बाजीरावाने वसईस तशाच करारावर सही केली. शेजाऱ्याला नमवण्याच्या भरात दोघांनीही तिसऱ्याला घरात घेतले.

४

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. तिघेही परक्या दरबारात होते. तिघांनाही तो दरबार नीट वाचता येत होता. मग परिणाम भिन्न का?

माझे उत्तर असे आहे. परक्या दरबारातील माणसाचे बळ त्याच्या एकट्याच्या बुद्धीत नसते. त्याच्या मागे कोण उभे आहे, यात ते असते. गावानच्या मागे कोणीही नव्हते. गिलानची वाट बंद झाली होती, येथे नात्यागोत्याचा आधार नव्हता. होता तो एका सुलतानाचा विश्वास आणि एका रात्रीच्या मद्याने तो वाहून गेला. काळ्याच्या मागे एकसंध पुणे होते, तोवर त्याच्या शब्दाला वजन होते. पुणे आतून फुटले, तेव्हा त्याने वर्षानुवर्षे जमवलेली माहिती वापरणारा हातच उरला नाही. मशीरुल्मुल्काच्या मागे त्याचा धनी ठाम उभा होता आणि पुढे फुटलेले घर होते. त्यामुळे तो कैदेतही मोकळा होता. परराज्याशी कसे वागावे, याचे पहिले उत्तर स्वतःच्या घरात शोधावे लागते, असे मी म्हणतो ते या आधारावर.

दुसरी गोष्ट विश्वासाची. ‘मोहर माझी, मजकूर माझा नाही’ हे गावानचे म्हणणे ऐकून घेण्यास, चार दिवस थांबून चौकशी करण्यास सुलतानाला काय कठीण होते? ती मोहर सांभाळणारा सेवक जिवंत होता, त्याला विचारता आले असते. विचारले गेले नाही, कारण परक्याविषयी वाईट ऐकण्यास कान आधीच तयार होते. कटवाल्यांनी पत्र बनावट केले, पण त्यावर विसंबण्याची तयारी त्या दरबाराने वर्षानुवर्षे करून ठेवली होती. एका निरपराध माणसाच्या हत्येबरोबर एक राज्य कोसळले, ते यामुळे.

विद्यार्थी मित्रहो, ही कथा मी आपल्याच शाळेत का सांगितली, ते शेवटी सांगतो. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा जुना बीदर जिल्हा तीन ठिकाणी वाटला गेला. निलंगा, उदगीर, अहमदपूर मराठी मुलखात गेले, जहीराबाद, नारायणखेड तेलुगू मुलखात गेले आणि बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद कन्नड राज्यात आले. रेषा नकाशावर आखली गेली. घरातील भाषा तिने बदलली नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मराठी बोलतात, कचेरीत कन्नड लागते, बाजारात दखनी उर्दू चालते आणि पूर्वेच्या गावांतून तेलुगू कानी पडते. कधी कधी याचे आपल्याला ओझे वाटते. येथे आपण अल्पसंख्य आणि तेथे आपण बाहेरचे, अशी खंत वाटते. ती खंत खोटी नाही आणि तिच्यावर मी उपदेशाचे पांघरूण घालणार नाही.

पण काळ्यासारख्याला जे शिकण्यासाठी दोन पिढ्या लागल्या, ते आपल्याला अंगणात मिळाले आहे, हेही तितकेच खरे. समोरच्याची भाषा त्याच्याच तोंडून ऐकता येणे, त्याचा राग कोठून येतो हे कळणे, आपले म्हणणे त्याच्या शब्दांत मांडता येणे, ही मोठी विद्या आहे. ती दोन माणसांना जवळही आणते आणि बनावट पत्र लिहिण्यासही उपयोगी पडते. ती कोणत्या कामी लावायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. आपल्या हातून जे पत्र जाईल, त्यावरची मोहर आपली असावी आणि मजकूरही आपलाच असावा, एवढे जपले तरी पुष्कळ झाले.

 गुरुजींच्या स्मृतीस पुन्हा एकवार अभिवादन करून मी थांबतो.